मनगटातलं छोटं हाड जुळलंच नाही, ऑपरेशन कापसाआधी करावं की कापूस निघाल्यावर?

पांदणवाट (२४ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी. लहान भावाच्या मनगटाबद्दल विचारायचं आहे, थोडं लांबेल पण सगळं सांगतो म्हणजे जाणकारांना नीट कळेल. आम्ही आर्वी तालुक्यातले, घरची ९ एकर कोरडवाहू, मी आणि भाऊ दोघंच करणारे. जूनमध्ये पेरणीच्या वेळी पांदणीतून खताची बॅग घेऊन येताना गाडी चिखलात घसरली अन् भावानं उजवा तळहात टेकवला, सगळं वजन त्याच्यावर आलं. त्याच दिवशी एक्स-रे काढला, हाड मोडलं नाही, मुरगळलं आहे म्हणाले, क्रेप बँडेज अन् पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आठवड्यात सूज उतरली म्हणून आम्हीपण विसरलो. मग डवरणी झाली, फवारणी झाली, तो सगळं करतच होता, फक्त पंपाचा दांडा मारताना अंगठ्याच्या बाजूला कळ यायची. मधात एकाकडे दोनदा चोळून पण घेतलं.

आता बादली उचलता येईना तेव्हा वर्ध्याला नेलं. सीटी स्कॅन केला. स्कॅफॉइड म्हणून हाड आहे ते मधोमध तुटलेलं आहे अन् तीन महिन्यांत जुळलंच नाही. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथं भरायचा अन् स्क्रू टाकायचा असं सांगितलं.

सोयाबीनची सोंगणी तोंडावर आहे, मग कापूस जानेवारीपर्यंत. भाऊ म्हणतो फेब्रुवारीत करू, तीन महिने काढले तसे आणखी पाच काढीन. थांबलं तर चालते का? अन् कोणी हे ऑपरेशन केलं असेल तर हात पहिल्यासारखा होतो का? एक्स-रे मध्ये काहीच नव्हतं मग हाड तुटलं कुठून हेही कळत नाही.

संत्राबाग

थांबू नका भाऊ. बाकी मोठे लोक सांगतीलच, पण माझ्या साळ्याचं हेच झालं होतं अन् त्यानं सहा वर्षं काढली. आता त्याचं मनगट वळतच नाही.

हाडाचा_निवासी (नागपूर, ऑर्थोचं शिक्षण चालू)

पांदणवाट, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो फार जणांचा असतो. मनगटात ८ छोटी हाडं आहेत, दोन ओळींत. स्कॅफॉइड त्या दोन्ही ओळींना सांधणारं, काजूच्या आकाराचं. त्याची चीर पहिल्या दिवशी साध्या एक्स-रे मध्ये दिसत नाही असं बऱ्याचदा होतं, म्हणून एक्स-रे स्वच्छ असला तरी दुखणं तिथंच असेल तर अंगठ्यासकट आधार बांधून १०-१४ दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा, किंवा एमआरआय करायचा, असं आम्हाला शिकवतात. घरी तपासायचं असेल तर अंगठा ताठ वर करा, मनगटाशी दोन दोऱ्यांच्या मधात खड्डा पडतो. जुने लोक त्या खड्ड्यात तपकीर ठेवून ओढायचे, इंग्रजीत त्याचं नावच स्नफबॉक्स. पडल्यानंतर त्या खड्ड्यात दाबून दुखलं तर 'मुरगळलं' हा शब्द वापरायचाच नाही, जोवर दुसरा फोटो होत नाही तोवर.

आता जुळलं का नाही. या हाडाला रक्त उलट्या दिशेनं येते, म्हणजे बोटांकडच्या टोकातून शिरून कोपराकडच्या टोकाकडे जाते. कालव्याचं पाणी शेपटीच्या वावराला शेवटी पोचते तसं. मधात हाड तुटलं की मागच्या तुकड्याचं पाणी तुटलं. वरून रोज पंपाचा दांडा मारला म्हणजे दोन तुकडे एकमेकांवर घासत राहिले. असं हाड जुळत नाही, अन् मागचा तुकडा कधी कधी मरूनही जातो.

पाच महिने पूर्ण काम करत थांबायचा सल्ला मी देणार नाही. आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे झाल्यानं फरक पडत नाही, तोवर अंगठ्याचा पट्टा बांधून ठेवा. पण महिनोन् महिने वजन पडत राहिलं तर तुटलेल्या जागी हाड झिजते, आतून पोकळ होते, अन् हाड मधात वाकून कुबड येते. मग पुढची काही वर्षं गेली की बाजूचे सांधे घासतात. त्या अवस्थेत हाड जोडायचं ऑपरेशन राहत नाही. मग हाडांची एक ओळ काढून टाकणे किंवा चार हाडं एकमेकांना जाम करणे, हेच उरते. दुखणं जाते, पण वळण अर्ध्यावर येते.

धुऱ्यावरचा

डाक्टर सायेब, तुमचं बरोबर असन, पण भावानं चोळून घेतलं म्हणून सगळा दोष चोळणाऱ्यावर टाकू नका. माह्या पोट्ट्याचा हात कोपराच्या खाली मोडला होता, आमच्या गावापासून सरकारी दवाखाना ५० किलोमीटर, पावसाचा नाला भरलेला. पट्टीवाल्या बाबानं बांबूच्या कामट्या लावून बांधलं, दीड महिन्यात हात सरळ. एक रुपया घेतला नाही, नारळ घेतला. आता थोच पोट्टा बैल जुपते.

हाडाचा_निवासी

धुऱ्यावरचा काका, दोष टाकत नाही. नाला भरलेला असताना तुम्ही दुसरं काय करणार होते. मुलांच्या हाताची लांब हाडं, भोवती मांस, रक्त भरपूर, ती हाडं थोडी सरळ धरून ठेवली तर आपणच जुळतात. म्हणून बाबाला यश येते. पण तेच बाबा मनगटाच्या छोट्या हाडाला किंवा सांध्यात गेलेल्या फ्रॅक्चरला हात लावतात तेव्हा हिशोब चुकते. अन् कामट्या फार आवळल्या तर काय होते ते मी वॉर्डात पाह्यलं आहे, बोटं काळी पडून आलेलं लेकरू. एवढं मात्र सगळ्यांना सांगा: बांधल्यावर बोटं गार पडली, सुन्न झाली, किंवा बोटं सरळ ताणल्यावर जीव जाईल अशी कळ आली, तर रात्री असो की पाऊस, पट्टी सोडायची अन् निघायचं.

धुऱ्यावरचा

हे पटलं. हे मी बाबाले पण सांगीन, थो आयकते माह्यं.

मायची_लेक (दर्यापूर)

माझ्या आईचं सांगते, तिचं हाड वेगळं आहे पण मनगटच. ६८ वय. मागच्या वर्षी अंगणात सडा टाकताना घसरली, हात असा वाकला की बाजूनं पाहिलं तर काटा चमचा पालथा ठेवल्यासारखा दिसत होता. एका डॉक्टरनं प्लेट टाकायला सांगितलं, दुसऱ्यानं ओढून बसवून प्लास्टर घातलं. आम्ही प्लास्टरवर राहिलो. सहा आठवडे. हाड जुळलं, पण बोटं कोणी हलवायला सांगितलीच नाहीत, आई हात झोळीत घेऊन खाटेवर बसून राहायची, बोटं सुजून चकचकीत झाली अन् प्लास्टर निघालं तेव्हा मूठच वळेना. तीन महिने फिजिओथेरपीसाठी अमरावतीच्या चकरा मारल्या. सकाळी कोमट पाण्यात हात, मग कणकेचा गोळा दाबायचा, एकेक बोट. आता भाकर थापते. मनगट थोडं वाकडं दिसते, बांगडी सरकत नाही त्या हातात, पण भाकर थापते. माझ्या मनात अजून येते की प्लेट टाकली असती तर हे तीन महिने वाचले असते का.

हाडाचा_निवासी

ताई, तुमच्या प्रश्नावर चांगलं काम झालेलं आहे. याला कोलिस फ्रॅक्चर म्हणतात, १८१४ साली आयर्लंडच्या अब्राहम कोलिसनं वर्णन केलं, म्हणजे एक्स-रे निघायच्या ८० वर्षं आधी, फक्त हातानं चाचपून. ब्रिटनमध्ये ४६१ मोठ्या माणसांवर हाड धरून ठेवायच्या तारा आणि प्लेट यांची तुलना केली, २०१४ मध्ये छापून आली, सरकलेलं हाड ओढून बसवता येत असेल तर वर्षानंतर दोन्हीत फरक नव्हता. मग २०२२ मध्ये तारा विरुद्ध नुसतं नीट घातलेलं प्लास्टर पाहिलं, ५०० लोक, तरी वर्षाअखेर हात सारखाच. प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठात एकाचं हाड पुन्हा सरकलं अन् त्यांना नंतर ऑपरेशन लागलं, तेवढं लक्षात ठेवायचं. साठी-पासष्टीच्या पुढे तर फोटोतला वाकडेपणा आणि हाताचं काम यांचा फार संबंध राहत नाही. सांध्यात गेलेलं, चुरा झालेलं, किंवा तरुण कष्टाच्या माणसाचं असेल तर प्लेटची बाजू जड होते.

तेव्हा आईची बोटं आखडली ती प्लेट नसल्यानं नाही. पहिल्या दिवसापासून बोटं, कोपर, खांदा हलवायचं कोणी सांगितलं नाही म्हणून. ही आमच्या लोकांची चूक आहे, मी मान्य करतो. ओपीडीत गर्दी असते, प्लास्टर ओलं असतानाच पुढच्या पेशंटला हाक मारतो आम्ही. अजून एक, एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत, त्याची तपासणी अन् गोळ्या सुरू करून घ्या, नाहीतर पुढचं हाड खुब्याचं असते.

मायची_लेक

धन्यवाद दादा. वर्षभराचं ओझं उतरलं डोक्यावरचं, खरंच.

भरतीवाला_२३

माझा पण प्रश्न घ्या. पोलीस भरतीची तयारी करतो, १६०० मीटरसाठी रोज सकाळी डांबरी रोडवर पळतो. दीड महिन्यापासून पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मागच्या हाडावर दुखत होतं, मित्र म्हणाले सवय होईल. मागच्या आठवड्यात वळताना कट् आवाज आला. आता डॉक्टर म्हणतात जोन्स फ्रॅक्चर, ६ ते ८ आठवडे पाय टेकवायचा नाही, नाहीतर स्क्रू. काय करू?

हाडाचा_निवासी

भाऊ, हे हाडपण वर सांगितलेल्या मनगटाच्या स्कॅफॉइडसारखंच आहे, त्या जागेवर रक्त कमी पोचते. रॉबर्ट जोन्स हा मोठा सर्जन, त्याचं स्वतःचं हेच हाड नाचताना मोडलं अन् १९०२ मध्ये त्यानं ते लिहून ठेवलं. प्लास्टरमध्ये बऱ्याच जणांचं जुळते, पण काहींचं जुळत नाही किंवा पळायला लागल्यावर पुन्हा तुटते. म्हणून खेळाडू अन् पळणाऱ्यांना हाडाच्या पोकळीतून लांब स्क्रू टाकायला सांगतात, जुळायची खात्री जास्त अन् मैदानावर परत लवकर. तुला महिना-दीड महिना आधीपासून दुखत होतं म्हणजे ताणाची चीर आधीच होती. स्क्रूबद्दल डॉक्टरांशी नीट बोल. अन् यावेळची भरती हातची गेली तरी पाय घालवू नको.

संत्राबाग

नाचताना! आमच्या वरातीत डीजेपुढं नाचणाऱ्यांना दाखवतो हे.

कवेलू (गोंदिया जिल्हा)

पायाचा विषय निघाला म्हणून लिहितो. चार वर्षांआधी मिरगाच्या तोंडावर कवेलू फेरायला घरावर चढलो, बल्ली मोडली, दोन्ही पायांवर खाली आलो. उजव्या टाचेचा चुरा. दवाखान्यात पहिले टाच पाहिलीच नाही त्यांनी, पाठीचा फोटो काढला, मला राग आला होता की दुखते कुठे अन् पाहतात कुठे. नंतर कळलं की उंचीवरून टाचेवर पडलेल्याचा मणका पण दबलेला असू शकते, म्हणून ते पाहावंच लागते. मणका ठीक निघाला.

पाय नारळाएवढा सुजला, फोड आले. ऑपरेशन लगेच नाही करत म्हणाले, सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडू द्या, बारा दिवस पाय उशांवर. मग टाचेच्या बाहेरून इंग्रजी एल सारखा चिरा देऊन प्लेट टाकली. जखमेचा कोपरा भरला नाही, काळा पडला, दीड महिना ड्रेसिंग, रोज चाळीस किलोमीटर. मी बिडी ओढायचो तेव्हा. डॉक्टर रोज म्हणायचे सोडा, मी रोज हो म्हणायचो.

आता सांगतो कसं आहे. डांबरी रोडवर चालतो तर कोणाला ओळखू येत नाही. पण नांगरलेल्या वावरात, ढेकळांवर पाय टाकला की टाच जागची हलत नाही, आपला पाय ढेकळाप्रमाणे आत-बाहेर कलते ना, तो सांधाच राहिला नाही. धानाच्या बांधीतून चालताना काठी लागते. रोवणीला उतरत नाही आता. उभ्यानं करायचं काम करतो, चक्की टाकली.

हाडाचा_निवासी

कवेलू काका, तुम्ही एका परिच्छेदात जे लिहिलं ते आमच्या पुस्तकात चार पानांवर आहे. टाचेच्या सांध्यात गेलेल्या फ्रॅक्चरवर ब्रिटनमध्ये १५१ लोकांवर तुलना झाली, २०१४ ला आली. ऑपरेशन केलेले अन् न केलेले, दोन वर्षांनी दुखण्यात अन् चालण्यात फरक नाही, उलट ऑपरेशनवाल्यांत जखमेचा त्रास जास्त. अर्थात फार बेढब मोडलेली हाडं त्यात घेतली नव्हती. म्हणून आता बरेच सर्जन निवडून करतात, अन् मोठ्या एल ऐवजी घोट्याखाली छोट्या चिऱ्यातून करतात, कातडी वाचते. ढेकळांवरचं दुखणं फारच वाढलं तर तो सांधा कायमचा जाम करता येते. कलणं तर तसंही गेलेलंच आहे, निदान कळ जाते.

लेकराची_आई (यवतमाळ)

माझ्या मुलाचे दोन्ही पाय जन्मतःच आत वळलेले होते. सासूबाई म्हणाल्या ग्रहणाचं आहे. अंगणवाडीत तपासणीची गाडी आली त्यातल्या डॉक्टर मॅडमनं चिठ्ठी दिली, जिल्ह्याला पाठवलं. दर आठवड्याला हलक्या हातानं पाय थोडा वळवून प्लास्टर, असे सहा. मग टाचेमागची दोरी एवढूशी कापली, टाकापण नाही. पोन्सेटी पद्धत म्हणतात. मोठं ऑपरेशन लागलंच नाही. खरा त्रास पुढचा, दांडी जोडलेले बूट, पहिले तीन महिने २३ तास अन् मग चार वर्षांचा होईपर्यंत रात्री. रडायचा तो, शेजारचे म्हणायचे काढ ना बाई, पाय तर सरळ झाले. एकीनं काढले, तिच्या पोरीचे पाय पुन्हा वळले. माझा आता पहिलीत जाते, शाळेत पळत जाते. धाग्याचा विषय नाही पण पायाचा आहे म्हणून लिहिलं.

पांदणवाट

ताई लिहिलं ते बरंच केलं. मी भावाला सगळा धागा वाचून दाखवला, कवेलू काकांचं ऐकून तो गप्प झाला. आता प्रश्न असा की कमरेचं हाड काढतात म्हणजे कंबर कमजोर होते का, त्याला तीच भीती आहे. अन् खर्च?

अंजनगावचा

मी केलेलं आहे, सेम ऑपरेशन, उजवा हात, २०१९. सरळ सांगतो. हातापेक्षा कंबर जास्त दुखली! कमरपट्ट्याच्या वरच्या कडेचं हाड, दोन बोटांचा चिरा, पंधरा दिवस खोकलताना हात तिथं ठेवायचो. पण महिन्याभरात गेलं, कमजोरी वगैरे काही नाही, पोतं उचलतो. हातात स्क्रू आहे तो आत बुडालेला, बाहेरून लागत नाही, काढावा लागला नाही. प्लास्टर मिळून दहा आठवडे, मग पट्टा. तिसऱ्या महिन्यात सीटी करून पाहिलं तेव्हाच वजनाला परवानगी दिली. पूर्ण ताकद यायला आठ-नऊ महिने लागले. मनगट मागे वाकते पण डाव्याइतकं नाही, जमिनीवर तळहात टेकवून उठतो तेव्हा मूठ करून टेकवतो. बाकी सगळं करतो, ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या, सगळं.

खर्चाचं म्हणाल तर रेशन कार्ड अन् आधार घेऊन जा, महात्मा फुले योजनेत बसते का ते त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, भरती व्हायच्या आधी, नंतर नाही. माझी धावपळ तिथंच झाली. अन् भाऊ खर्रा खाते का?

पांदणवाट

खाते. दिवसाला चार-पाच.

अंजनगावचा

मग तो बंद करा आजपासून, स्क्रूच्या आधी. मला डॉक्टरनं ऑपरेशनच द्यायला नकार दिला होता, महिनाभर सोडून ये म्हणाले.

हाडाचा_निवासी

एकदम बरोबर. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, अन् इथं तर सगळा खेळच रक्त पोचण्याचा आहे. बिडी ओढणाऱ्यांत हे हाड न जुळण्याचं प्रमाण जास्त आहे हे पक्कं माहीत आहे, अन् खर्ऱ्यात निकोटिन काही वेगळं नसते.

स्क्रूबद्दल: त्याला डोकं नसते. सिडनीच्या टिमोथी हर्बर्टनं बनवला, १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही टोकांना आटे, पण पुढचे विरळ अन् मागचे दाट, म्हणून फिरवत गेलं की दोन तुकडे एकमेकांकडे ओढले जातात. अन् कोणाचं ताजं फ्रॅक्चर असेल, सरकलेलं नसेल, तर घाबरून स्क्रूकडे पळू नका. २०२० ला ४३९ लोकांचा अभ्यास लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला, ताज्या न सरकलेल्या किंवा थोड्या सरकलेल्या फ्रॅक्चरला आधी प्लास्टर अन् न जुळलेल्यांनाच लवकर स्क्रू, वर्षानंतर हात सारखेच. भावाचं जूनमध्येच कळलं असतं तर बहुतेक नुसत्या प्लास्टरवर निघून गेलं असतं, याचं मला वाईट वाटते.

धुऱ्यावरचा

पांदणवाट भाऊ, सोंगणीची कायजी करू नको. तुह्यं गाव आमच्यापासून लांब नाही. मेसेज टाक. आमच्याकडचं सोयाबीन पाच तारखेलोक निघून जाईन, मंग मी अन् पोट्टा येतो दोन दिवस. मजुरीचं बोलू नको.

पांदणवाट (१९ ऑक्टोबर)

ऑपरेशन झालं काल, योजनेत बसलं. मागचा तुकडा जिवंत आहे, कापल्यावर त्यातून रक्ताचे ठिपके आले असं सर्जननं बाहेर येऊन सांगितलं. सोयाबीन घरात आलं. धुऱ्यावरचे काका खरंच आले, दोघं बापलेक, बंडी घेऊन. खर्रा बंद होऊन पंचवीस दिवस झाले, चिडचिड करते पण बंद आहे. कापसाला दोन बाया जास्त लावल्या.

मायची_लेक

बोटं हलवायला सांगा! आजपासून.

पांदणवाट (२ फेब्रुवारी)

धागा वर आणतो, विचारत होते बरेच जण. काल सीटी झाला, हाड जुळलं आहे, एका कडेला बारीकशी फट अजून दिसते ती भरून येईल म्हणाले, जड उचलायचं आणखी दोन महिने नाही. मूठ वळते. गाडीची किल्ली स्वतः फिरवतो. मनगट मागे फारसं जात नाही अजून, देवघरापुढं हात जोडतो तेव्हा उजवं कोपर खांद्याएवढं वर उचलावं लागते, माय रोज संध्याकाळी दिवा लावताना त्याच्या कोपराकडे पाहते किती खाली आलं ते.